बीपीची गोळी: चुकली तर, बदलली तर, थांबवावीशी वाटली तर

उच्च रक्तदाबाच्या औषधांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधात लोक घरच्या घरी फेरफार करतात आणि पुढच्या भेटीत ते सांगायचं राहून जातं. आम्हाला काळजी वाटते ती याचीच. उत्तरांत औषधांची नावं कंपनीची न देता घटकांची दिली आहेत. तुमच्या स्ट्रिपवर ती बारीक अक्षरांत छापलेली असतात. वाचताना स्ट्रिप हाताशी ठेवा.

प्रश्न: सहा महिन्यांपासून ॲम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. चालू आहे. बीपी आता १२४/७८च्या आसपास असतं. मध्ये आठवडाभर गोळी बंद करून पाहिली, तरी वाढलं नाही. आता कायमची बंद करू का?

१२४/७८ हा गोळी घेणाऱ्या माणसाचा आकडा आहे. गोळीशिवाय तुमचं बीपी किती असेल हे अजून कोणालाच माहीत नाही, आणि आठवडाभराच्या प्रयोगातून ते कळणारही नव्हतं. ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस तिचा थोडाफार अंमल राहतो. मग बीपी हळूहळू वर सरकतं, आणि सरकताना काही जाणवत नाही. ‘बंद केली, काही झालं नाही’ असं सांगणारे बहुतेक जण याच दिवसांबद्दल बोलत असतात.

काही औषधं मात्र इतका वेळ देत नाहीत. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं. ती चालू असताना हृदय ॲड्रेनलिनचे संदेश टिपणाऱ्या जागा वाढवून ठेवतं, आणि औषध एकाएकी गेलं की त्या सगळ्या जागा उघड्या पडतात. धडधड होते, छातीत दुखू शकतं. ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांना झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन अचानक सोडलं तर एक-दोन दिवसांत बीपी उसळतं, कधीकधी औषध सुरू करण्याआधी होतं त्याच्याही वर. म्हणून ही औषधं उतरवायची असतील तर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि ते वेळापत्रक डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. गावाला जाताना नेमकी हीच स्ट्रिप संपलेली असणं धोक्याचं आहे. शिल्लक १० गोळ्यांवर आली की नवी आणायची सवय लावा.

गोळी कधीच कमी होत नाही असं नाही. वजन बरंच उतरलं, मीठ खरोखर कमी झालं, दारू सुटली, उभं राहिल्यावर चक्कर येऊ लागली किंवा घरचे आकडे सतत ११०च्या खाली राहिले, तर डॉक्टर डोस कमी करून पाहतात. एका वेळी एकच औषध, शक्य असेल तर आधी निम्मा डोस, आणि पुढचे काही आठवडे घरी नियमित मोजमाप. आकडा पुन्हा चढला तर गोळी परत सुरू करायची. हे सगळं डॉक्टरांना विचारून झालं तर त्यात काहीच वावगं नाही, आणि विचारायला संकोच तर अजिबात नको.

प्रश्न: सकाळची गोळी घ्यायची राहिली आणि संध्याकाळी आठवलं, तर काय करावं? कधीकधी घेतली की नाही हेच आठवत नाही.

दोन डोसांमध्ये जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्याहून कमी वेळ उलटला असेल तर आठवताक्षणी घ्या. निम्म्याहून जास्त उलटला असेल तर तो डोस सोडा आणि पुढचा नेहमीच्या वेळी घ्या. म्हणजे दिवसातून एकदाची, सकाळी आठची गोळी संध्याकाळी सहाला आठवली तर घ्यायला हरकत नाही. रात्री अकराला आठवली तर उद्याच. अपवाद लघवी वाढवणाऱ्या गोळीचा. ती संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागेल आणि अंधारात पडण्याची भीती, म्हणून दुपार टळून गेली असेल तर सोडलेली बरी.

घेतली की नाही आठवत नसेल तर घेऊ नका. बीपीचा एक डोस हुकल्याने सहसा काही बिघडत नाही, दोन एकदम पडले तर बिघडू शकतं. ‘कालची राहिली म्हणून आज दोन’ हे कधीच करायचं नाही.

चुकून दोन पडल्याच तर त्या दिवशी गाडी चालवू नका, एकटे राहू नका, उठताना आधार घ्या, दर दोन-तीन तासांनी बीपी आणि नाडी मोजा आणि डॉक्टरांना फोन करून गोळीचं नाव सांगा. गोळी बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर जास्त सावध राहा, कारण ही औषधं हृदयाची गतीही कमी करतात. नाडी ५०च्या खाली गेली, घेरी आली किंवा भान हरपल्यासारखं झालं तर घरी थांबू नका.

विसरण्यावर सगळ्यांत साधा उपाय म्हणजे सात दिवसांच्या कप्प्यांची डबी. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की प्रश्नच मिटतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: टेल्मिसार्टानची गोळी आधीच सोलून डबीत टाकू नका. ती हवेतली ओल ओढून घेते. दमट दिवसांत दोन-तीन दिवसांतच ती मऊ पडते, कडा भुगा होऊन सुटतात. स्ट्रिपमधली गोळी भोवतीच्या फॉइलसकट कात्रीने कापा आणि तो चौकोनी तुकडा तसाच कप्प्यात ठेवा. फोडायची ती तोंडात टाकायच्या वेळी. कापलेल्या फॉइलचे कोपरे टोकदार राहतात, तेवढे गोल करून घ्या. नजर अधू असलेल्या माणसाने फॉइलसकट गोळी गिळल्याचेही प्रकार होतात, म्हणून वयस्कर व्यक्तीची डबी भरत असाल तर हे त्यांना दाखवून ठेवा.

प्रश्न: गोळी सकाळी घ्यावी की रात्री? जेवणाआधी की नंतर?

जी वेळ तुमच्याकडून चुकत नाही ती वेळ. रात्री घेतल्याने जास्त फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये ‘टाइम’ नावाच्या अभ्यासात २१ हजारांहून जास्त रुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ तपासलं गेलं. २०२२ साली निष्कर्ष आले: हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात सकाळ आणि रात्र यांत फरक पडला नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड) सकाळीच बऱ्या. प्राझोसिनचा पहिला डोस मात्र रात्री अंथरुणावर गेल्यावरच घ्यायचा, कारण पहिल्या गोळीनंतर उभं राहिलं की बीपी एकदम घसरू शकतं.

जेवणाचं म्हणाल तर ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टान, रामिप्रिल यांना काही फरक पडत नाही. कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्यायचं, म्हणजे ते सावकाश भिनतं आणि चक्कर कमी येते.

प्रश्न: रात्री दहाला सहज बीपी मोजलं तर १७२/९८. घाबरून ॲम्लोडिपिनची आणखी एक गोळी घेतली. तासाभराने १४६ झालं. हे बरोबर केलं का?

तासाभरात आकडा उतरला तो गोळीमुळे नाही. ॲम्लोडिपिनचा जोर चढायला ६ ते १२ तास लागतात. भीती ओसरली, तुम्ही शांत बसलात, म्हणून बीपी आपोआप खाली आलं. ती जादाची गोळी मात्र पहाटे चारनंतर काम करू लागली असणार, तुम्ही लघवीला उठता नेमकी त्या वेळी. अशा गोळ्यांनंतर माणसं पहाटे न्हाणीघरात पडतात, मांडीचं हाड मोडतं. म्हणून एखाद्या आकड्यावर जादा गोळी घेऊ नका.

त्याहून वाईट म्हणजे निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरणं. पूर्वी दवाखान्यांतही हे सर्रास चालायचं. यात बीपी किती आणि किती वेगाने पडेल याचा काही नेम नसतो, आणि ते धाडकन पडल्याने मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्याच्या नोंदी आहेत. घरात जुनी कॅप्सूल ‘इमर्जन्सीसाठी’ ठेवली असेल तर ती काढून टाका.

आता मोजण्याबद्दल, कारण चुकीचा आकडा हेच निम्म्या घाबरगुंडीचं मूळ असतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. शर्टाची बाही गुंडाळून दंड आवळला गेला तर आकडा चुकतो. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत असेल तर दर १० सें.मी.ला ७ ते ८ अंक जास्त दिसतात, म्हणजे मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्याचं १३२चं १४० सहज होतं. मोजताना बोलू नका, दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून मानही डोलावू नका. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तरीही आकडा वर जातो. पट्ट्यावर छापलेला सें.मी.मधला माप-पल्ला तुमच्या दंडाच्या घेराशी ताडून पाहा. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको.

डॉक्टरांना दाखवायची नोंद अशी करा: सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजमापं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या २४ची सरासरी काढा. घरच्या मोजमापात १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे बीपी चढं. एकट्यादुकट्या १७२ला या सरासरीत फारशी किंमत नाही. आणि आकडे सुधारून लिहू नका. वाईट वाटलेला आकडा गाळला की डॉक्टर खोट्या सरासरीवर डोस ठरवतात.

घाई कधी करायची तेही सांगतो. बीपी १८०/१२० किंवा वर असेल आणि त्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, प्रचंड डोकेदुखी, अंधूक दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं किंवा फिट येणं यांपैकी काही असेल तर लगेच रुग्णालयात. तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आकडा कितीही असला तरी रुग्णालयात नेण्याची आहेत. अशा वेळी घरी बीपीची गोळी देऊ नका. मेंदूचा रक्तप्रवाह त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असू शकतो. लक्षणं काहीच नसतील तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पुन्हाही आकडा तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गेल्या दोन-तीन दिवसांत कोणता डोस हुकला का, वेदनाशामक किंवा सर्दीची गोळी घेतली का, हेही आठवून ठेवा.

प्रश्न: गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेतो. बीपीसाठी टेल्मिसार्टान आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी एकत्र गोळी आहे. चालेल ना?

या पत्रातला ‘अधूनमधून’ हा शब्द आम्हाला खटकला, कारण तो अनेकदा आठवड्यातले चार दिवस निघतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून मग डोस वाढतो.

तुमच्या बाबतीत मोठा प्रश्न मूत्रपिंडाचा आहे. मूत्रपिंडातल्या गाळणीला एका बाजूने रक्त येतं, दुसऱ्या बाजूने जातं, आणि या दोन नळ्यांच्या ताणावर गाळणीतला दाब टिकतो. सार्टान गटातलं औषध, म्हणजे तुमचं टेल्मिसार्टान, बाहेर जाणारी नळी सैल करतं. वेदनाशामक आत येणारी नळी आवळतं. लघवीची गोळी शरीरातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकतं. उन्हाळ्यात, जुलाब झाल्यावर, पासष्टीपुढे हा धोका आणखी वाढतो.

दुखण्यासाठी सहसा पॅरासिटामॉल आधी वापरून पाहतात. डोस मात्र विचारून, आणि पाण्यात फसफसणारी गोळी टाळून, कारण तिच्यात सोडियम बरंच असतं. गुडघ्यावर लावायचं जेल पोटातल्या गोळीपेक्षा रक्तात फार कमी उतरतं. ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

सर्दीच्या गोळ्यांकडेही लक्ष असू द्या. स्यूडोएफेड्रिन आणि फेनिलएफ्रिन हे चोंदलेलं नाक मोकळं करणारे घटक रक्तवाहिन्या आवळतात. दुकानदाराने ‘साधी सर्दीची’ म्हणून दिलेल्या पाकिटावर ही नावं आहेत का, तेवढं पाहा. आणि घसा खवखवतो म्हणून रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा: त्यातल्या ग्लायसिरायझिनने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं.

प्रश्न: ॲम्लोडिपिन १० केल्यापासून संध्याकाळी पायाचे घोटे सुजतात. लघवीची गोळी वाढवून घेतली तरी सूज जात नाही.

जाणार नाहीच. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नाही. ॲम्लोडिपिन बारीक धमन्या रुंद करतं, पण पलीकडच्या शिरा तितक्या रुंद होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी उतरतं. लघवीच्या गोळीने ते परत ओढलं जात नाही. उलट सोडियम-पोटॅशियम बिघडतं. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी, अशी साखळी इथूनच सुरू होते.

सूज डोसावर अवलंबून असते: १० मि.ग्रॅ.वर जास्त, ५वर कमी. डोस निम्मा करून जोडीला प्रिल (रामिप्रिलसारखं) किंवा सार्टान गटातलं औषध दिलं तर बीपीही सांभाळलं जातं आणि सूजही उतरते, कारण ही औषधं शिरांची बाजूही सैल करतात. डॉक्टरांशी याच पर्यायाबद्दल बोला. मात्र सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल, किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर ती गोळीची सूज समजून बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: रामिप्रिल सुरू झाल्यापासून कोरडा खोकला आहे. दोन बाटल्या सिरप संपलं.

ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या सगळ्यांनी असा खोकला होऊ शकतो, आणि तो सिरपने थांबत नाही. गोळी बदलल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही लागतात. एक प्रिल बदलून दुसरं घेण्यात अर्थ नाही; सार्टान गटात जावं लागतं. पण प्रिलची जुनी स्ट्रिप आणि सार्टानची नवी, दोन्ही एकदम चालू ठेवू नका.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर गोष्ट वेगळी. ती गोळी तिथेच बंद, आणि तडक रुग्णालय. त्यानंतर आयुष्यात कुठलंच प्रिल घ्यायचं नाही. ते प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगायचं.

प्रश्न: जुलाब-उलट्या चालू असताना बीपीची गोळी घ्यावी का?

प्रिल, सार्टान, लघवीच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं शरीरातलं पाणी आटलेलं असताना मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात. दिवसात अनेक जुलाब, पाणी पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा आणि कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा. सहसा या गोळ्या तात्पुरत्या थांबवतात आणि नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू करतात. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ शेवट असलेल्या गोळ्यांबद्दलही त्याच फोनवर विचारून घ्या. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन मात्र आपल्या मनाने थांबवायचे नाहीत, त्याचं कारण वर आलंच आहे.

सगळ्यांत जास्त चुकतं ते पुढे. जुलाब बरे होतात आणि गोळी बंदच राहते. थांबवली त्या दिवशीच कॅलेंडरवर ‘गोळी परत सुरू’ असं लिहून ठेवा.

प्रश्न: गोळी मोठी आहे, अर्धी करून घेतली तर चालेल?

नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, रिटार्ड असं काही असेल तर विचारल्याशिवाय नाही. त्या गोळीत दिवसभराचं औषध थोडं थोडं सुटेल अशी रचना असते. फोडली तर सगळं एकदम सुटतं. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्यांवर मधोमध खाच असते. त्या खाचेवर अर्ध्या करता येतात, पण चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. निफेडिपिनच्या काही दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांचं कवच जसंच्या तसं शौचातून बाहेर पडतं. औषध पोटात उतरलेलं असतं, त्यामुळे ती दिसली म्हणून दुसरी घेऊ नका.

प्रश्न: आईला दोन डॉक्टरांची औषधं चालू आहेत, मिळून नऊ गोळ्या. हल्ली उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. वय ७८.

आधी सगळ्या स्ट्रिप टेबलावर मांडा. कंपनीचं मोठ्या अक्षरांतलं नाव सोडा, घटकाचं नाव आणि मि.ग्रॅ. कागदावर उतरवा. एकत्र गोळी असेल तर त्यातला प्रत्येक घटक वेगळ्या ओळीत. नावाला लागलेल्या शेपटीवर, म्हणजे ‘एएम’, ‘एच’, ‘प्लस’ अशा अक्षरांवर विसंबू नका. तिचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. मग एकच घटक दोनदा आला आहे का ते पाहा. एका डॉक्टरांची ॲम्लोडिपिन आणि दुसऱ्यांची टेल्मिसार्टान-ॲम्लोडिपिन अशा जोड्या नेहमी सापडतात. नावांतला गोंधळही तपासा: ॲम्लोडिपिन आणि अमिलोराइड ही अगदी वेगळी औषधं आहेत. प्रोस्टेटचं टॅम्सुलोसिन, झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनीही उभं राहिल्यावर बीपी पडतं. आईंच्या बाबतीत टॅम्सुलोसिनचा प्रश्न सहसा येणार नाही, पण वडिलांची यादी करताना तो नक्की येईल.

मग मोजा. पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला, कोणीतरी शेजारी उभं राहून. वरचं बीपी २० किंवा खालचं १० अंकांनी पडलं तर ही चक्कर त्याचीच. ती यादी आणि हे तीन आकडे घेऊन दोघांपैकी एका डॉक्टरांकडे जा आणि ‘बीपीची सगळी औषधं आता एकाच ठिकाणी बघाल का’ असं स्पष्ट विचारा. तोवर आईंना सांगा: अंथरुणातून उठताना आधी कुशीवर, मग पाय सोडून दोन मिनिटं कडेला बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं.

शेवटची रक्ततपासणी कधी झाली तेही बघा. प्रिल किंवा सार्टान सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन थोडं वाढतं, मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात; त्यापुढे कारण शोधावं लागतं. लघवीच्या गोळीवर असलेल्या वयस्कर माणसात सोडियम उतरू शकतं, आणि ते मळमळ, तोल जाणं, विसरभोळेपणा अशा रूपात दिसतं. घरचे त्याला वय म्हणून सोडून देतात. घरात लो-सोडियम मीठ वापरत असाल तर तेही सांगा. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. प्रिल, सार्टान किंवा स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या माणसाचं पोटॅशियम त्याने धोकादायक चढू शकतं.

प्रश्न: गोळीबरोबर सर्पगंधेचं चूर्ण घेतलं तर अपाय तर होणार नाही?

होऊ शकतो. सर्पगंधेने बीपी उतरतं हे खरं आहे. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ते जगापुढे मांडलं, आणि तिच्यातूनच रेसर्पिन हे औषध निघालं. म्हणजेच चूर्ण हे बीपीचं आणखी एक औषध आहे, फक्त मि.ग्रॅ. न मोजलेलं. चिमटीगणिक डोस बदलतो. त्याने नाडी मंदावते, नाक चोंदतं, आणि काहींना खोल उदासी येते. बीटा ब्लॉकर चालू असेल किंवा पूर्वी नैराश्य आलं असेल तर दूरच राहा. आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रश्न: वय ३२, टेल्मिसार्टान चालू आहे. मूल होऊ द्यायचा विचार आहे.

मग दिवस राहण्याआधी गोळी बदलून घ्या. सार्टान आणि प्रिल या दोन्ही गटांतली औषधं गरोदरपणात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. गर्भजल कमी होतं, बाळ दगावूही शकतं. लॅबेटॅलॉल, दीर्घकाळ चालणारं निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही औषधं गरोदरपणात वापरली जातात, आणि बदलल्यावर बीपी स्थिरावायला काही आठवडे लागतात, म्हणून ही भेट आधीच घ्या.

पाळी चुकली आहे आणि गोळी चालूच आहे, अशी वेळ आली तर आजच चाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीच्या आठवड्यांत लक्षात आलं तर हातपाय गाळू नका; औषध तेव्हाच बदलता येतं. बीपीवर औषधच न घेता नऊ महिने काढणं हाही मार्ग नाही. बदललेली गोळी त्याच दिवशी हातात यावी, असा आग्रह धरा.